आल्टनवेर्टच्या महापौरांची नऊ पानं

१

सोमवारी सकाळी सव्वादहाला इरावती खांबेटेने महापौरांची १८५७ सालची रोजनिशी उघडली, दहा फेब्रुवारीचं पान उलटलं, आणि समोर एकदम वीस फेब्रुवारी आली. तिला वाटलं दोन पानं चिकटली असतील. तिने नख लावून पाहिलं. पानं चिकटलेली नव्हती. शिवणीपाशी नऊ पानांची मुळं तेवढी उरली होती, हिरडीत तुटलेल्या दातांसारखी.

तिने लगेच संग्रहपाल रमेश यांना हाक मारली. हे तिने प्रामाणिकपणे केलं आणि तेच तिच्या अंगाशी आलं. रमेशनी पानं मोजली, एकशे तीन भरली. महापौरांच्या टेसमर घराण्याच्या दानपत्रात एकशे बारा लिहिलेली. आणि ही रोजनिशी वाचायला मागून घेणारी व्यक्ती नोंदवहीत एकच होती, इरावती. दुपारपर्यंत चौकशी समिती नेमली गेली. तीन आठवड्यांवर आलेली तिच्या पीएचडीच्या प्रबंधावरची अंतिम चर्चा स्थगित झाली. समिती शुक्रवारी बसणार होती.

मंगळवारी नेदरलँड्सच्या नायमेखनमधल्या मंजूषाच्या घरी स्वयंपाकघरात बसून तिने हे सगळं सांगितलं. मंजूषा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, इरावतीची दोन वर्षांपासूनची मैत्रीण. पण इरावती सांगत होती ती मंजूषाच्या आईला. कुमुदिनी पाटणकर तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या. पुण्यात एकतीस वर्षं त्यांनी जुने कागद दुरुस्त करण्यात घालवली होती. वाळवीने खाल्लेले, पावसाने भिजलेले, कुणी रागाने फाडलेले मोडी कागद त्यांच्या हाताखालून गेले होते.

"काकू, माझ्यावर विश्वास आहे ना तुमचा?"

"माझ्या विश्वासाचं लोणचं घालणार आहेस का समितीपुढे?" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "हा महापौर कोण, ते आधी नीट सांग."

इरावतीने सांगितलं. आउगुस्ट टेसमर. सीमेपलीकडे ऱ्हाइनच्या काठी आल्टनवेर्ट नावाचं जर्मन शहर आहे, त्याचा एकोणीस वर्षं महापौर. चौतिसाव्या वर्षी निवडून आला. शहरात पहिलं इस्पितळ, मुलींची शाळा, नळाचं पाणी त्याने आणलं. १८५७च्या फेब्रुवारीत नदीत बर्फ तुंबला, पाणी चढलं, शहर बुडणार असं दिसत असताना हा माणूस दिवसरात्र बांधावर उभा राहिला. मग अचानक पलीकडचा, डच बाजूचा बांध फुटला. पाणी तिकडे गेलं. शहर वाचलं. पलीकडची हुकवेर्ट नावाची वाडी बुडाली आणि तेवीस माणसं गेली. डच बांधाचा राखणदार खेरिट व्हेर्होफ दारू पिऊन झोपला होता, असं महापौरांच्या अहवालात होतं. खेरिट तुरुंगात मेला. महापौरांचा पुतळा झाला.

"आणि गेलेली पानं?"

"नेमकी बांध फुटला त्या दिवसापासूनच्या नऊ दिवसांची."

मंजूषा म्हणाली, "आई, तू यात पडू नकोस. आपण इथे पाहुणे आहोत."

वीस-बावीस वर्षांपूर्वी कुमुदिनीबाईंच्या दफ्तरखान्यातून एक सनद नाहीशी झाली होती आणि एका शिपायाची नोकरी गेली होती. कागद पाहून तो निर्दोष आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्या बोलल्या नाहीत. कुणी विचारलं नव्हतं, या सबबीवर त्यांना पुढे कधी नीट झोप लागली नाही.

"उद्या मला ते पुस्तक दाखव," त्या म्हणाल्या.

२

संग्रह वाल नदीजवळच्या एका जुन्या धान्यकोठारात होता. रमेश साठी ओलांडलेले, सुरीनामी हिंदुस्तानी, आजोबा बिहारहून सुरीनामच्या डच वसाहतीत ऊस तोडायला गेलेले. कुमुदिनीबाईंची साडी पाहून त्यांनी हात जोडले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत "दीदी" म्हणाले. पण पुस्तक आणून ठेवताच ते दूर जाऊन उभे राहिले.

कुमुदिनीबाईंनी भिंग काढलं. अर्धा तास त्या पानं उलटत राहिल्या. त्यांना जर्मन येत नव्हतं, ती जुनी वळणदार लिपी तर मुळीच नाही. पण कागदाची भाषा सगळीकडे एकच असते.

"इरावती, इकडे ये. मुळं बघ. काय दिसतं?"

"सरळ कापलीयत. पट्टी लावून, ब्लेडने."

"आणि खालचं वीस तारखेचं पान? नऊ पानं ब्लेडने कापली, तर खालच्या पानावर ओरखडा यायला हवा. इथे एकही नाही. कापणाऱ्याने मध्ये पुठ्ठा सरकवला होता. चोराला एवढी फिकीर नसते गं. या पुस्तकावर माया असलेल्या माणसाने हे केलंय."

त्यांनी दहा तारखेचं पान तिरप्या उजेडात धरलं. त्याच्या कोऱ्या पाठीवर फिक्कट तपकिरी रेघा दिसत होत्या, उलट्या अक्षरांच्या.

"जुनी शाई आंबट असते. शंभर-दीडशे वर्षं दोन पानं तोंडाला तोंड लावून राहिली, की एकीची सावली दुसरीवर उमटते. ही सावली गेलेल्या पानाची आहे. म्हणजे पानं फार फार वर्षं इथेच होती. जुन्या काळी कुणी काढलेली नाहीत. याचा फोटो काढ आणि आरशातल्यासारखा उलटा करून वाच."

मग त्यांनी पुस्तकाचा खालचा कोपरा पाहिला, आणि पाहतच राहिल्या. कोपऱ्यावर पिवळसर डाग होता, पाणी वाळल्याची कडा. शेवटच्या पानावर तो तळहाताएवढा होता आणि पुढच्या पानागणिक लहान होत आला होता, जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसा. वीस तारखेवर बोटभर. दहा तारखेवर बोटापेक्षा केसभर कमी.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "रमेशभाई, या पुस्तकाला पाणी कधी लागलं?"

रमेशचा चेहरा उतरला. "पाणी? नाही दीदी. इथे कधीच पाणी नाही आलं."

निघताना इरावतीने दानपत्राची प्रत दाखवली. श्रीमती हेल्गा टेसमर या महापौरांच्या खापरपणतीने लिहिलेली, दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली. इरावतीने ओळ मराठीत सांगितली: 'एकशे बारा पानं आहेत. मी स्वतः दोनदा मोजली आहेत. सगळी वाचली जावीत.'

"दोनदा," कुमुदिनीबाई म्हणाल्या. बाहेर सायकलींच्या रांगेपाशी त्या थांबल्या. "पाण्याचं उत्तर खोटं होतं, इरावती. का, ते मला शुक्रवारच्या आत कळायला हवं."

३

प्राध्यापक विलम बोस्कर हे इरावतीचे मार्गदर्शक. आल्टनवेर्टच्या महापौरांचं चरित्र तीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेलं, तेव्हा घराण्याने रोजनिशी दाखवली नव्हती, फक्त अहवाल आणि पत्रं. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. त्यांनी कुमुदिनीबाईंना स्वतः चहा करून दिला, कपाला कान नव्हता म्हणून आधी क्षमा मागितली.

"इरावती माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी," ते इंग्रजीत म्हणाले. "मी समितीला सांगणार आहे की हा अपघात असावा. तिने फार काही कबूल करण्याची गरज नाही. थोडी दिलगिरी व्यक्त केली, की प्रकरण मिटेल."

"न केल्याची दिलगिरी?"

बोस्कर खिडकीकडे पाहू लागले. "बाई, संस्थांना एक उत्तर हवं असतं. कोणतंही."

"रोजनिशी इथे कशी आली?"

"मी आणली. हेल्गा टेसमर वृद्धाश्रमात जाणार होत्या, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मे महिन्यात मी ती संग्रहात जमा केली."

"दानपत्र मार्चचं आहे."

"मधले दोन महिने माझ्याकडे होती. यादी करत होतो." ते जरा थांबले. "हेल्गांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. नव्वदी ओलांडलेली बाई. दर फेब्रुवारीत पुतळ्याला हार घालायची, शाळेच्या मुलांना गोष्ट सांगायची. लग्न केलं नाही. तो पूर्वज म्हणजेच तिचं आयुष्य. आणि आता सगळे त्या पानांच्या मागे. एका मेलेल्या माणसाचा पश्चात्ताप, त्यात जगाला काय रस असणार?"

कुमुदिनीबाईंनी चहा संपवला. माणूस त्यांना आवडला होता. म्हणूनच त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

बसमध्ये बसल्या तोच फोन वाजला. इरावती होती.

"काकू, सावली वाचता आली."

४

फार काही नव्हतं. पहिल्या गेलेल्या पानाच्या तेरा ओळी, त्यातही अर्धी अक्षरं पुसट. इरावतीने प्रत्येक अक्षर तीनतीनदा पडताळून पाहिलं होतं.

"'आज पहाटे मी सहा माणसं होडीने पलीकडे पाठवली, कुदळी देऊन. हुकूम माझा. खेरिट जागा होता. त्याने हाका मारल्या. माझ्या माणसांनी त्याला बांधून...' पुढचं लागत नाही. आणि शेवटची ओळ: 'माझं शहर वाचलं. देवा, मला क्षमा करू नकोस.'"

स्वयंपाकघरात मंजूषाने गॅस बंद केला.

"खेरिट झोपला नव्हता," इरावती म्हणाली. "दीडशेच्या वर वर्षं लोक त्याला झोपाळू खेरिट म्हणतायत. इथे शाळेत आळशी मुलाला तसं चिडवतात. मीसुद्धा माझ्या दुसऱ्या प्रकरणात तेच लिहिलंय." तिने डोळे पुसले. "समितीला हे दाखवलं, तर म्हणतील, तुझा प्रबंध खोटा ठरत होता म्हणून तूच पानं काढलीस."

"म्हणतीलच. म्हणून आधी पाणी."

गुरुवारी सकाळी कुमुदिनीबाई एकट्याच संग्रहात गेल्या. सोबत डब्यात बेसनाचे लाडू होते. रमेशनी एक खाल्ला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांची आजी असेच करायची म्हणे.

"रमेशभाई, मी तुम्हाला पकडायला आले नाही. एका मुलीचं आयुष्य त्या डागावर अडकलंय. पाणी कधी आलं, एवढंच सांगा."

रमेश जमिनीकडे पाहत बोलू लागले. मागच्या वर्षी, नाताळच्या सुट्टीत. तपासणीला यायची पाळी त्यांची होती. बायको आजारी होती, ते दोन दिवस आले नाहीत. हीटरची झडप गळली. खालचा खण भिजला. त्यांनी केस वाळवायच्या यंत्राने, टिपकागद घालून एकेक पुस्तक वाळवलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

"निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, दीदी. हे सांगितलं तर..."

"ठाऊक आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"इरावती कधी आली इथे?" त्यांनी पुढे विचारलं, जरी उत्तर त्यांना माहीत होतं.

"वाचायला? यंदा फेब्रुवारीत. त्याआधी आल्टनवेर्टच्या सरकारी दफ्तरात बसायची."

"पाणी आलं तेव्हा ती नऊ पानं पुस्तकात असती, तर तो डाग वीस तारखेवरून दहा तारखेवर येताना दहा पायऱ्या उतरला असता. तो एकच पायरी उतरलाय. म्हणजे तेव्हा दहा आणि वीस तारीख एकमेकींना चिकटून होत्या. पानं त्याआधीच गेली होती. इरावतीने रोजनिशीला हात लावायच्या आधी."

रमेशनी हळूहळू मान वर केली. त्यांच्या गप्प बसण्यानेच ती मुलगी अडकली होती, हे त्यांना आत्ता उमगलं.

"मी उद्या समितीला सांगतो," ते म्हणाले. मग घाबऱ्या आवाजात, "पण मग घेतली कुणी? किल्ली तर माझ्याकडेच असते. आता ते मलाच धरतील."

५

बोस्कर संध्याकाळी चारला विद्यापीठातून निघायचे. त्या दिवशी ते निघाले नव्हते. दारात कुमुदिनीबाई आणि इरावती उभ्या दिसल्या तेव्हा त्यांनी इरावतीकडे पाहायचं टाळलं.

"मी पाच मिनिटं बोलते," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. पानं श्रीमती टेसमरांनी मोजून दिली, एकशे बारा. डिसेंबरात पाणी आलं तेव्हा एकशे तीनच होती. या मधल्या काळात पुस्तक दोनच माणसांच्या ताब्यात होतं, रमेशच्या आणि तुमच्या. रमेशना ती लिपी वाचता येत नाही. पण कापणारा अकरा तारखेच्या पहिल्या ओळीपासून एकोणीस तारखेच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेलाय, एक ओळ इकडे नाही की तिकडे नाही. त्याला वाचता येत होतं. आणि त्याने खालच्या पानाला जपलं."

"हा अंदाज झाला," बोस्कर म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"हो. पण काल तुम्ही म्हणालात, एका मेलेल्या माणसाचा पश्चात्ताप. तुमच्याच पुस्तकातला महापौर अभिमानाने जगला आणि अभिमानाने मेला. पश्चात्ताप कुठल्याच कागदात नाही. तो फक्त त्या नऊ पानांत आहे, आणि आम्ही काल दुपारपर्यंत त्यातली एक ओळही वाचली नव्हती."

बोस्करांनी चष्मा काढला. मग खालचा खण उघडला. पातळ पांढऱ्या कागदाच्या घड्यांत, एकेक वेगळी, नऊ पानं होती.

"जाळणार होतो," ते म्हणाले. "काडीही ओढली. हात झाला नाही."

इरावती पहिल्यांदा बोलली. "सर, तुमच्या पुस्तकासाठी?"

"पुस्तक!" ते कडवट हसले. "नाही. तुला खरं वाटणार नाही, पण नाही. हेल्गासाठी. मला वाटलं, तिची किती वर्षं उरलीत, दोन, तीन? ती गेली की पानं परत शिवून टाकीन. हे तिला कळलं असतं तर ती मेली असती. मग या सोमवारी तू पान उलटलंस. मला उठून सांगायचं होतं. मंगळवारीही. रोज सकाळी ठरवत होतो."

"आणि मी दिलगिरी व्यक्त करावी, असं सुचवत होतात."

बोस्करांनी पानांच्या घड्या पुन्हा सरळ केल्या.

कुमुदिनीबाईंनी दानपत्राची प्रत टेबलावर ठेवली. "एक विचारू? ज्या बाईला आत काय आहे ते ठाऊक नाही, ती पानं दोनदा कशाला मोजेल? सगळी वाचली जावीत असं कशाला लिहील?"

बोस्कर त्या ओळीकडे पाहत राहिले. तीच ओळ त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतः यादीत उतरवून घेतली होती.

"पुढे त्यांचं काही पत्र आलं होतं?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

त्यांनी खणातूनच एक निळं पाकीट काढलं. आतलं पत्र त्यांनी इरावतीपुढे सरकवलं. इरावतीने वाचलं. 'आदरणीय प्राध्यापक, फेब्रुवारीची पानं वाचलीत का? कृपया कळवा. मी वाट पाहते आहे.'

"मला वाटलं ती घाबरली आहे," बोस्कर म्हणाले.

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"की निश्चिंत राहा," ते म्हणाले. "की त्यात काही नाही. की कुणाला काही कळणार नाही."

६

शुक्रवारी समितीपुढे आधी रमेश बोलले, मग बोस्कर. इरावतीचं नाव दहा मिनिटांत मोकळं झालं. रमेशना लेखी ताकीद मिळाली. बोस्करांनी राजीनामा दिला. इरावतीने आपणहून चर्चा सहा महिने पुढे ढकलून घेतली. तिला दुसरं प्रकरण नव्याने लिहायचं होतं.

शनिवारी इरावती, बोस्कर आणि कुमुदिनीबाई सीमेपलीकडच्या वृद्धाश्रमात गेले. यायचं की नाही हे बोस्करांना ठरवता येत नव्हतं. शेवटी इरावतीनेच त्यांना फोन करून बसची वेळ सांगितली होती. वाटेत नदी भरून वाहत होती, दोन्ही काठ सारखेच हिरवे.

वृद्धाश्रमातली परिचारिका म्हणाली, "तुम्ही नायमेखनचे? अरेरे. मागच्या हिवाळ्यापर्यंत रोज विचारायच्या, नायमेखनहून पत्र आलं का. मग एक आलं. ते वाचून दोन दिवस जेवल्या नाहीत. आम्हाला वाटलं कुणी गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, वडिलांना दिलेला गप्प राहण्याचा शब्द मोडायला मला साठ-सत्तर वर्षं लागली, आणि आता यांनाही खरं नको आहे. पुढे स्मृती झपाट्याने गेली. आता माणसं ओळखत नाहीत."

हेल्गा टेसमर खिडकीपाशी बसल्या होत्या. छोट्याशा, स्वच्छ, गुडघ्यांवर लोकरीची शाल. त्यांनी तिघांचंही हसून स्वागत केलं, जसं अनोळखी पाहुण्यांचं करतात.

बोस्कर त्यांच्यासमोर उभे राहिले. इरावतीने पानं काढली. तिने अकरा तारखेपासून वाचायला सुरुवात केली, सावकाश, त्या जुन्या जर्मनमध्ये. सहा माणसं आणि कुदळी. बांधावर हाका मारणारा खेरिट. वाहून गेलेल्या तेवीस जणांची नावं, जी दुसऱ्या कुठल्याच कागदात नव्हती. आणि महापौरांचा तो अहवाल, जो सही करताना त्यांनी दोनदा खाली ठेवला होता आणि तिसऱ्यांदा सही केली होती. कुमुदिनीबाईंना शब्द कळत नव्हते. त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, कुठे काही हलतंय का. हेल्गा मन लावून ऐकत होत्या, लहान मूल परक्याची गोष्ट ऐकतं तशा.

वाचन संपलं.

"बिचारा राखणदार," हेल्गा म्हणाल्या. मग काळजीने बोस्करांकडे वळल्या, कारण तिघांत तेच वयाने मोठे दिसत होते. "त्याच्या घरच्यांना कुणी कळवलं का, की त्याची चूक नव्हती?"

इरावतीने हलक्या आवाजात कुमुदिनीबाईंना अर्थ सांगितला.

"अजून नाही," बोस्कर म्हणाले.

"अहो, मग कळवा ना!" त्यांनी शालीतून हात काढून बोस्करांच्या हातावर ठेवला. "ते वाट पाहत असतील."

बोस्कर खाली गुडघ्यांवर बसले. हेल्गांनी त्यांचा हात दोन-तीनदा थोपटला, आणि मग इरावतीला विचारलं की हे गृहस्थ का रडताहेत, यांचं कुणी गेलं आहे का.